आदिलाबादचा सुपर कंप्युटर

"पोरगी हैदराबादले करते तरी काय?" मुलाच्या मामांनी विचारलं आणि आमच्या बैठकीच्या खोलीतले सगळे बाबांकडे बघायला लागले.

जैनथजवळच्या आमच्या गावात मला बघायला पाहुणे आले होते. मुलगा आदिलाबादच्या कॉलेजात भौतिकशास्त्राचा लेक्चरर. बरोबर त्याचे आईवडील, आणि बोलणी करायला मामा. मामा तहसिलीत कारकून, त्यामुळे त्यांचा साधा प्रश्नसुद्धा जबानी घेतल्यासारखा यायचा. माझे बाबा प्राथमिक शाळेचे मास्तर. प्रश्नाला भिणारा माणूस नाही. पण हा प्रश्न गेली काही वर्षं गावात जो तो त्यांना विचारत होता आणि बाबांचं उत्तर दर खेपेला बदलत होतं.

"कंप्युटरवर हाय," बाबा म्हणाले.

"म्हणजे टायपिंग?"

"टायपिंग नाही हो. एक मोठं गणित असते. ते लय सारे कंप्युटर मिळून करतात. कोणी कोणता तुकडा करायचा, ते ही ठरवून देते."

मामांनी चहाची बशी खाली ठेवली. "काऊन? एकाले येत नाही काय?"

सगळे हसले. मला हसू आलं नाही. नव्वदीचं दशक अर्धं सरलं होतं. ऐंशीच्या दशकात आदिलाबादला बी.एस्सी. आणि हैदराबादला गणितात एम.एस्सी. करून मी तिथल्याच एका संशोधन संस्थेत चिकटले होते. आमच्याकडे कपाटाएवढं एक यंत्र होतं. त्यात कित्येक लहान संगणक शेजारी शेजारी बसवून एकाच कामाला जुंपलेले असत. शास्त्रज्ञ आपापली समीकरणं घेऊन यायचे, आणि ती त्या सगळ्यांत वाटून चालतील अशी लिहून देणं हे माझं काम. शास्त्रज्ञ मला प्रोग्रामर समजत, प्रोग्रामर मला शास्त्रज्ञ समजत, आणि गाव टायपिस्ट समजे. त्यामुळे कोणी विचारलं की मी सविस्तर सांगायला बसायचे.

"येतं ना, मामा," मी म्हणाले. "पण एकट्याला पुष्कळ वेळ लागतो. उद्या पाऊस येणार का, हे पुढच्या महिन्यात कळून काय उपयोग?"

"आमच्या दफ्तरातबी एका कागदावर लय जणायच्या सह्या असतात," मामा म्हणाले. "पण त्यानं काम लवकर होते, असं मी तं आजलोक पाह्यलं नाही."

तेव्हा लेक्चरर पहिल्यांदा बोलला. "ते आपसात बोलतात कसे?"

असा प्रश्न मला लग्नाच्या काय, कसल्याच कार्यक्रमात कोणी विचारला नव्हता. मी खुर्ची पुढे ओढली. पेल्यातलं पाणी ताटलीत ओतून बोटानं चौकटी काढल्या, कोणत्या चौकटीनं शेजारच्या चौकटीला काय कळवायचं ते दाखवलं. तो वाकून बघत होता आणि मध्येच "पण मग कडेवरचं काय?" असं नेमकं अडचणीचं विचारत होता. पोहे गार झाले. दाराआडून माय डोळे वटारत होती, तेही मला फार उशिरा दिसलं.

पाहुणे "जय भीम" करून गेले आणि माय बाहेर आली. "व माय, तुले पाहाले आले होते का शिकाले आले होते? मान खाली घालून बसाव लागते, बाई. तू तं पोराची शिकवणीच घेऊन राह्यली होती!"

"त्यानं विचारलं, म्हणून सांगितलं," मी म्हणाले.

"आता येते त्यायचा निरोप," माय म्हणाली. म्हणजे येत नाही.

खरंच निरोप आला नाही. मी हैदराबादला परतले. काही आठवड्यांनी संस्थेच्या ऑपरेटरनं मला बोलावून आदिलाबादहून फोन असल्याचं सांगितलं. बाबांना काही झालं की काय, म्हणून मी धावत गेले. एस.टी.डी. बूथमधून ओरडून बोलणारा तो लेक्चरर होता.

"आमच्या कॉलेजला कंप्युटर आलेत," तो म्हणाला. "उन्हाळ्याच्या सुट्टीत झाकूनच ठेवतात. ते एकमेकांना जोडता येतील का? तुम्ही सांगितलं तसे?"

त्याचा आवाज ओळखताच मी दुसऱ्याच एका प्रश्नाची तयारी केली होती. पण हाही प्रश्न वाईट नव्हता. उलट माझ्या एका अडचणीवर तो नेमका बसत होता. आमचे वरिष्ठ, ज्यांना सगळे नुसतं सर म्हणत, नदीच्या पुराचं गणित करत होते. नदीचं पात्र आणि दोन्ही काठ यांच्या चौकटी पाडायच्या आणि पाणी या चौकटीतून त्या चौकटीत कसं सरकतं ते मोजायचं. सरांनी नमुन्यासाठी नद्यांची यादी पुढे ठेवली तेव्हा मी पैनगंगेवर बोट ठेवलं होतं. सर म्हणाले, "का?" मी म्हणाले, "पोहायला तिथं शिकले." कारण त्यांना पुरेसं वाटलं. मात्र आमच्या मोठ्या यंत्रावर हवामानवाल्यांचा कायमचा मुक्काम असायचा. आमची पैनगंगा आपली रांगेत उभी.

मी सरांना फोनची गोष्ट सांगितली. ते आधी पोट धरून हसले. मग म्हणाले, "साधे कंप्युटर जोडून असं काम करायला परदेशात लोकांनी सुरुवात केली आहे. आदिलाबादनं काय पाप केलंय? जा." त्यांनी रजा दिली. आमच्या यंत्रांतून बदलून काढलेली कंप्युटर एकमेकांना जोडायची जुनी कार्डं, केबलचं वेटोळं आणि फुकट वाटल्या जाणाऱ्या एका संगणकप्रणालीच्या फ्लॉप्यांनी भरलेली पिशवी दिली. बसमध्ये शेजारच्या बाईनं पिशवीत डोकावून विचारलं, "टिकल्यायची पाकिटं हायत काय?"

कॉलेजचे प्रिन्सिपॉल तेलुगू, स्वभावानं मऊ आणि सरकारी मालमत्तेच्या बाबतीत कमालीचे भित्रे. कंप्युटरांवर त्यांनी मखमली झाकणं शिवून घेतली होती. त्या खोलीत चप्पल चालायची नाही आणि विद्यार्थीही शक्यतो चालायचे नाहीत. मी पेचकस काढला तसे ते मध्ये येऊन उभे राहिले.

"वद्दम्मा, वद्दम्मा!" म्हणजे नको, बाई, नको. "खोलने से गॅरंटी जाती."

लेक्चरर शांतपणे म्हणाला, "सर, हे सगळे जोडले की मिळून एक सुपर कंप्युटर होतो."

प्रिन्सिपॉलांचा हात खाली आला. "सुपर कंप्युटर? मन कॉलेज में?"

"आपल्याच कॉलेजात, सर."

"मग जरा हळू खोला," ते म्हणाले आणि स्वतः झाकणांच्या घड्या घालायला लागले.

आता लग्नाचं बोलणं अर्धवट राहिलेली मुलगी त्याच मुलाबरोबर सुट्टीतल्या ओस कॉलेजात दिवसभर बसणार, हे मायला पटणं शक्य नव्हतं. तोडगा म्हणून बाबांना माझ्याबरोबर धाडण्यात आलं. रोज सकाळी आम्ही जैनथहून बस पकडायचो. बाबांच्या हातात पेपर, माझ्या हातात डबा. बाबा कूलरच्या झोतातली खुर्ची धरत, पेपर उघडत आणि तो तोंडावर घेऊन झोपत. राखणीला बसलेला माणूस इतका गाढ झोपलेला मी दुसरा पाहिला नाही.

पण बाबांची झोप फार दिवस टिकली नाही, कारण फ्लॉप्या बदलायला माणूस कमी पडत होता. प्रत्येक कंप्युटरला सगळ्या फ्लॉप्या क्रमानं खाऊ घालायच्या होत्या. मी बाबांना उठवलं. मास्तरच ते. त्यांनी फ्लॉप्या ओळीत लावल्या, कंप्युटरांवर खडूनं आकडे टाकले आणि सगळ्या खोलीचा ताबा घेतला.

"हा चौथा मागं पडून राह्यला," ते म्हणायचे. "याच्याकडं लक्ष द्या."

सगळे कंप्युटर भरून झाले, कार्डं बसली, भिंतीच्या कडेनं केबल फिरली. आता एका कंप्युटरवरून बाकीच्यांना हाक मारायची आणि ते उत्तर देतात का ते बघायचं. मी बाबांना समजावून सांगितलं.

"म्हणजे हजेरी," बाबा म्हणाले. "दोन नंबर?"

मी हाक पाठवली. उत्तर नाही.

"तीन नंबर?"

नाही. चार, पाच, कोणीच नाही. बाबांनी चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं. सगळा वर्ग गैरहजर.

घोटाळा लवकरच सापडला. त्या प्रकारच्या केबलच्या दोन्ही टोकांना एकेक लहानसं टोपण लावावं लागतं. टोक उघडं राहिलं की केबलमधले संदेश तिथं आपटून माघारी येतात आणि सगळ्यांच्या बोलण्यात सगळ्यांचा गोंधळ होतो. एका टोकाचं टोपण आमच्याकडे होतं. दुसरं हैदराबादला राहिलं होतं, नाहीतर बसमध्ये सांडलं होतं.

"टोपणात असतं काय?" लेक्चररनं विचारलं.

"पन्नास ओमचा रेझिस्टर. बाकी नुसतं कवच."

"चला मग, बाजारात."

आम्ही दोघं निघालो, मागोमाग बाबाही निघाले. राखण म्हणजे राखण. आदिलाबादचं वैशाखातलं दुपारचं ऊन, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात एक चाचा उघड्या रेडिओपुढे बसले होते. पन्नास ओमचा तुकडा त्यांच्याकडे नव्हता.

"सौ का ले जाओ," ते म्हणाले.

"दोन द्या," लेक्चरर आणि मी एकदमच बोललो, आणि एकमेकांकडे बघून हसलो. शंभराचे दोन शेजारी शेजारी जोडले की पन्नास होतात, हे दोघांनाही त्याच क्षणी सुचलं होतं.

चाचांनी दोन तुकडे मोजून दिले आणि खुलासा मागितला. लेक्चररनं तो दिला. "दो डालो और आधा मिले," चाचा बाबांना म्हणाले, "ये कैसा सौदा है, मास्टरसाब?"

"आजकालची पोरं हायत," बाबांनी सांगून टाकलं.

लेक्चररनं तिथंच डाग लावून दोन तुकडे जोडून घेतले. परत येऊन ते टोकाला बसवले आणि बाबांनी पुन्हा हजेरी घेतली. दोन नंबर हजर. तीन नंबर हजर. एकेकाचं उत्तर पडद्यावर उमटत होतं, आणि बाबा दर वेळी "शाब्बास" म्हणत होते.

मग मी पैनगंगेचं गणित सोडलं. सबंध नदीच्या पट्ट्या करून प्रत्येक कंप्युटरला एकेक पट्टी दिली. तुलनेसाठी तेच गणित आधी एकट्या कंप्युटरवर चालवून वेळ टिपून ठेवला होता. जेवणं झाली, बाबांचा पेपर जाहिरातींसकट वाचून झाला, चहा झाला. गणित चालूच. शेवटी उत्तर आलं ते अगदी बरोबर होतं, फक्त एकट्याला लागला होता त्याहून जास्त वेळ सगळ्यांना मिळून लागला.

नेमके त्याच दिवशी मामा आले. ते कामासाठी आदिलाबादला आले होते म्हणे. पण त्यांनी खोलीभर फिरून केबल, कार्डं, टोपण, सगळ्याची पाहणी केली ती तपासनिसासारखी. मग विचारलं, "किती लवकर झालं?"

मी खरं ते सांगितलं.

"मी तं पह्यलेच म्हणलं होतं," मामा म्हणाले. आवाजात कुत्सितपणा नव्हता, उलट सांत्वन होतं. "जाऊ द्या, बाई. होते असं."

दुसऱ्या दिवशी मी प्रोग्राममध्ये जागोजागी वेळ टिपायच्या ओळी घातल्या आणि पुन्हा तेच गणित सोडलं. आकडे बघून मी कपाळावर हात मारला. प्रत्येक कंप्युटर आपल्या पट्टीतलं थोडं काम करत होता, आणि लगेच कडेच्या एका चौकटीचं पाणी शेजाऱ्याला कळवत होता. मग पुढच्या चौकटीचं. मग त्याच्या पुढच्या. आमच्या हैदराबादच्या कपाटात शेजारी अंगाला अंग लावून बसलेले, तिथं हे खपून जायचं. इथं प्रत्येक निरोप सबंध खोलीला वळसा घालून जात होता, आणि एक बोलत असताना बाकीच्यांना थांबावं लागत होतं.

"काम कमी, गप्पा जास्त," मी लेक्चररला म्हणाले.

"मग?"

"मग गप्पा एकदम मारायच्या. सबंध कडेचं पाणी एकाच निरोपात पाठवायचं. आणि तो निरोप पोचेपर्यंत रिकामं न बसता आतल्या चौकटींचं काम उरकायचं."

म्हणायला सोपं. पुढचे कितीतरी दिवस मी ते लिहीत होते आणि लेक्चरर शेजारी बसून माझ्या चुका काढत होता. त्याला प्रोग्राम लिहिता येत नव्हता, पण पाणी कळत होतं. "हे पाणी चढावर चाललंय," तो पडद्याकडे बघून म्हणायचा, आणि चाललेलं असायचं. एकदा आमची पैनगंगा पूर्ण उलटी वाहिली. बाबा म्हणाले, "ठेवा तशीच, पलीकडचे महाराष्ट्रातले म्हणतील, पाणी वापस दिलं."

आणि एका दुपारी सगळं जुळलं. आम्ही जेवायला डबे उघडले तेव्हा गणित सुरू केलं होतं. बाबांची भाकरी संपायच्या आत ते पुरं झालं. मला वाटलं, बंद पडलं. पुन्हा चालवलं. पुन्हा तसंच. उत्तर एकट्या कंप्युटरच्या उत्तराशी ताडून पाहिलं, तेही जुळलं. लेक्चरर खुर्चीवरून उठला, खोलीला एक चक्कर मारली आणि परत येऊन बसला. आनंद झाला की तो असंच करतो, हे मला नंतर कळलं. मी डब्यातल्या ठेच्याकडे बघत नुसतीच हसत होते.

ही बातमी प्रिन्सिपॉलांना कळली आणि त्यांनी समारंभ ठरवला. दारावर "सुपर कंप्युटर" असा तेलुगूत आणि इंग्रजीत फलक लागला. जिल्ह्याचे एक मोठे अधिकारी यायचे कबूल झाले. हार आले, नारळ आले, आणि बोलावणं नसताना मामाही आले. अधिकारी आत आले, नारळ फुटला, मी कळीवर बोट ठेवलं आणि वीज गेली.

खोलीत अंधार, कूलर बंद, हारांचा वास. प्रिन्सिपॉल घामानं निथळत "फाय मिनिट्स, सर" म्हणत होते. अधिकारी भला माणूस. त्यानं खिडकी उघडायला सांगितली आणि वेळ काढायला विचारलं, "ह्या मॅडम कोण?"

प्रिन्सिपॉल तोंड उघडेपर्यंत मामा दोन पावलं पुढे आले. "साहेब, ही आमची सून."

बाबांनी वळून पाहिलं. "कवा?"

"काय कवा?"

"कवापासून सून? आमच्याकडं तं निरोपच आला नाही!"

"निरोप कायले?" मामा उलट बाबांवरच रागावले. "पोरगा रोज तुमच्यासंगंच बसून राह्यला ना? आमाले वाटलं, तुमी बोलले असान. घरी सगळे तयारच हायत!"

खोलीतले लोक खुदुखुदु हसायला लागले. अधिकाऱ्यांनी मला विचारलं, "मॅडम, आपको मालूम था?" मी मान हलवून नाही म्हटलं. लेक्चरर तिकडे बंद पडलेल्या कीबोर्डवर काहीतरी टाईप करत होता.

तेवढ्यात वीज आली आणि मला वाचवून गेली. बाबांनी हजेरी घेतली. पाच नंबर काही केल्या उठेना, तेव्हा त्याला वगळून मी बाकीच्यांत काम वाटलं. पडद्यावर निळं पाणी पात्रातून निघून चौकटीचौकटीनं काठावर पसरू लागलं. अधिकारी वाकून बघत होते. त्यांनी विचारलं की यंदाचा पूर कुठवर येईल? मी म्हणाले, हे अजून सांगता येत नाही, हा जुन्या मोजमापांवरचा सराव आहे. ते म्हणाले, "खरं सांगितलंत, बरं वाटलं." प्रिन्सिपॉलांना ते विशेष बरं वाटलं नसावं.

समारंभ संपल्यावर मी लेक्चररला व्हरांड्यात गाठलं. "तुम्ही मला विचारलंच नाहीत."

"विचारणार होतो," तो म्हणाला. "घरी तसं सांगितलंही होतं, की मुलीला मीच विचारतो. पण रोज काहीतरी अडायचं. आधी टोपण हरवलं, मग गणित हळू झालं. अशा वेळी कसं विचारायचं?"

"मी हैदराबादची नोकरी सोडणार नाही."

"सोडू नका. मला पीएच.डी. करायचीच आहे. मी तिकडं येतो."

"मग आता विचारा."

त्यानं विचारलं. मी हो म्हणाले. बाबा पलीकडच्या बाकावर बसून पेपर उलटा धरून वाचत होते.

लग्न हिवाळ्यात आमच्या गावी झालं. पत्रिका मामांनी छापून घेतली. माझ्या नावाखाली काय लिहायचं, हे त्यांनी कोणाला विचारलं नाही. छापून आलं ते "सुपर कंप्युटर ऑफिसर, हैदराबाद". मी ती पत्रिका सरांना दिली तेव्हा ते म्हणाले, "असं पद आपल्याकडे नाही. पण तुझ्या कामाला आपल्याकडे दुसरं नावही नाही. राहू दे."

मधल्या काळात सरांनी आदिलाबादला लिहिलेला तो प्रोग्राम आमच्या मोठ्या यंत्रावर चालवून पाहिला. तिथंही तो आधीपेक्षा फार चपळ निघाला. मग सरांनी हवामानवाल्यांपुढे त्याची फुशारकी मारली. लग्नाची रजा संपवून मी कामावर गेले, तर माझ्या टेबलाशी हवामानवाले दोघं, बगलेत आपल्या प्रोग्रामांच्या छापील चळती घेऊन उभे. मागं एक रसायनशास्त्रवाल्या बाई. माझी हळद अजून उतरली नव्हती.

"आमच्यातही गप्पा फार आहेत, असं सर म्हणतात," त्यांतला एक म्हणाला.

मी पर्स खुंटीला अडकवली, खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, "बसा. पहिल्या पानापासून दाखवा."